चौदा माणसांचं वर्कशॉप आणि पंधरावा माणूस

कानस | बुधवार, रात्री १०:४२

उद्या गुरुवार, म्हणजे भोसरीला सुट्टी. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

टेल्को रोडच्या आतल्या अंगाला माझं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे. तीन सीएनसी टर्निंग, एक व्हीएमसी (ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), एक म्हातारं लेथ (बाबांचं, विकवत नाही) आणि माझ्यासकट चौदा माणसं. पंपवाल्यांचे, गिअरबॉक्सवाल्यांचे पार्ट करतो. दिवाळीनंतर काम वाढलं म्हणून एक सेटर (नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा) घेतला, पंधरावा. हाताला असा गुण की दोन मिनिटं ड्रॉइंग बघायचा आणि पहिलाच पीस ओके. खाडे नाहीत, उचल नाही, तंबाखूसुद्धा नाही. मी घरी बायकोला म्हटलं, लॉटरी लागली.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो. प्रत्येक मशीनशेजारी एक लाल ट्रे असतो. पीस बिघडला की ज्याच्या हातून बिघडला त्याने मार्करने त्यावर स्वतःचं नाव आणि काय झालं ते दोन शब्दांत लिहून त्या ट्रेत ठेवायचा. पैसे कापत नाही. ओरडत नाही (बरं, कधीकधी ओरडतो). संध्याकाळी चहाच्या वेळी सगळे मिळून ट्रे बघतो. बाबांच्या काळापासून हे असंच आहे, कुठे लिहून लावलेलं नाही.

जानेवारीत ३०० बुशचा (मधे भोक असलेल्या गोल पार्टचा) लॉट गेला. बोअर (आतलं भोक) ३२ एच७, म्हणजे ३२ मिलिमीटरच्या खाली शून्य, वर २५ मायक्रॉनपर्यंत चालतं. आठ दिवसांत लॉट परत. चाळीसएक पीस वर गेलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोअर लहान राहिला तर परत मशीनवर घेता येतो, मोठा झाला की पीस मेला. डेबिट नोट आली ती आलीच, शिवाय दोन दिवस आम्ही सगळे गो-नोगो गेज (भोक मापात आहे का ते तपासायचं साधन) घेऊन चांगल्यातून वाईट निवडत बसलो.

त्याच आठवड्यात भंगारवाला आला. चिप्सचा (धातूच्या किसाचा) ड्रम उलटा केला तर तळाशी बुशच बुश. मग उलगडा झाला. रात्रपाळीत इन्सर्ट (कापणारं टोक) बदलताना ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) जास्त पडला होता. पठ्ठ्याच्या ते लक्षात आलं, ऑफसेट सुधारला, ज्या पिसांना गेज लावला होता ते ड्रममध्ये पुरले. ज्यांना लावला नव्हता ते गिऱ्हाइकाकडे गेले. सकाळी एक शब्द सांगितला असता तर पाऊण तासात निवडून झालं असतं.

विचारलं तर शांतपणे म्हणाला, "सर, आधीच्या ठिकाणी पिसामागे पैसे कापायचे. तिथे दाखवणारा मूर्ख ठरायचा."

मी काढला नाही त्याला. फेब्रुवारीअखेर तोच तीन हजार जास्त मिळतात म्हणून गेला. आता जागा रिकामी आहे. चाकणचा एक मित्र म्हणतो, बाहेरचा घेऊच नकोस, आपल्या तालुक्यातला, ओळखीतला घे, म्हणजे आपल्या पद्धतीत बसतो. मला ते पटतंही आणि नाहीही. कौशल्य तर पाचव्या मिनिटाला कळतं. पण माणूस आपल्या युनिटमध्ये मिसळेल का, हे घेण्याआधी ओळखायचं कसं? छोटे धंदे चालवणाऱ्यांनी सांगा. मोठ्या कंपन्यांचे फॉर्म नकोत.

---

पाऊणएक | बुधवार, रात्री ११:०५

वाचतोय. चहा टाकून बसलोय, हा धागा पळणार.

---

तवा_तापलाय | गुरुवार, दुपारी २:२०

अगदी माझा विषय. ठाण्यात पोळी-भाजी केंद्र चालवते. सात बायका, एक डिलिव्हरीचा मुलगा. आमचा ३२ एच७ म्हणजे पोळी गार झाल्यावर वातड होता कामा नये.

मी मुलाखत घेतच नाही. दोन दिवस कामावर ये म्हणते, दोन्ही दिवसांचे पूर्ण पैसे देते, आणि पोळीकडे बघत नाही. पोळी जमते म्हणूनच ती आलेली असते. मी बघते ती तिचं काम संपल्यावर. पोळपाट तसाच टाकून पदर झटकते, की शेजारणीची परात पुसून ठेवते? कणीक सैल झाली तर "कोणी मळली ही?" म्हणते की मुकाट्याने पीठ लावून निभावते? (गंमत म्हणजे मला दोन्ही नको असतात. मला "ताई, कणीक सैल आलीय" असं सांगणारी हवी असते. मुकाट निभावणारीमुळे दुसऱ्या दिवशीही कणीक सैलच येते.)

पण एक कबुलीही देते. आमच्याकडे नियम होता: शेवटचा डबा साडेअकराला बाहेर पडेपर्यंत कोणी जायचं नाही. सगळ्यांनी एकत्र निघायचं, निघताना एकत्र चहा. मला याचा फार अभिमान. तीन वर्षांपूर्वी एक बाई आली, हात असा की तासाला बाकीच्यांच्या दीडपट पोळ्या, स्वभाव गोड. पण म्हणाली अकराला निघणार, मुलगा बालवाडीतून सुटतो. मी नाही म्हटलं. "आमच्यात बसणार नाही" असंच म्हटलं, हेच शब्द. आमच्यातल्या सर्वांत जुन्या मावशी दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुझी पोरं शाळेत होती तेव्हा तुला कोण होतं गं आणायला?" माझ्या सासूबाई होत्या. तिला नाहीत.

फोन करून परत बोलावली. आता चहा पावणेअकराला होतो. बिघडलं काहीच नाही. कानसभाऊ, आपली पद्धत कोणती आणि आपली सोय कोणती, हे मालकाला स्वतःला कळत नाही बरं का. सांगायला एखादी मावशी लागते.

---

चौकट_मोडू | गुरुवार, दुपारी ३:४८

तवाताई, दंडवत.

मी आयटीत भरतीच्याच खात्यात आहे, तेव्हा फॉर्मवाल्यांच्या गावचा. तरी दोन गोष्टी. माणसं निवडायच्या पद्धतींचा ताळा घेणारी दोन मोठी संशोधनं आहेत, श्मिट आणि हंटर यांचं १९९८ चं आणि सॅकेट वगैरेंचं २०२२ चं. आकडे वेगळे आहेत, पण दोन्हींत एक गोष्ट समान: गप्पा मारून अंदाज बांधणारी मुलाखत ही सगळ्यांना ठरवून तेच प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीच्या मागेच पडते. आणि गप्पांत आपण काय करतो? आपल्यासारखा माणूस शोधतो. लॉरेन रिव्हेरा नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१२ साली अमेरिकेतल्या बड्या बँका, वकिली आणि सल्लागार कंपन्यांच्या भरतीवर लिहिलंय. तिथले मुलाखत घेणारे "जुळतो" म्हणायचे तेव्हा बऱ्याचदा छंद, खेळ, सुट्टीत कुठे जातो हेच जुळलेलं असायचं.

तर एकच प्रश्न ठरवा आणि प्रत्येकाला तोच विचारा. "तू काय करशील" असं नाही, "तू काय केलंस" असं. करशील म्हटलं की सगळे हरिश्चंद्र असतात.

---

पाऊणएक | गुरुवार, दुपारी ४:०१

भोसरीत सुट्टीत कुठे जातो विचारलं तर उत्तर एकच. गावाला.

---

जुनं_घड्याळ | गुरुवार, सायंकाळी ७:३०

टर्नर ट्रेडला ३१ वर्षं शिल्प निदेशक (आयटीआयचा शिक्षक) होतो, आता निवृत्त, मुक्काम सांगली. माझ्या हाताखालून गेलेली पोरं भोसरी-चाकणला भरपूर, त्यामुळे दोन शब्द लिहिण्याचा अधिकार घेतो.

कानस, दोन प्रश्न विचारतो, राग मानू नका. पहिला: त्या सेटरला कामावर घेताना लाल ट्रेबद्दल सांगितलं होतंत का? दुसरा: सध्या ट्रेत काय येतंय?

बाकी, माणूस ओळखण्याबद्दल. किर्लोस्करवाडी आमच्या जिल्ह्यातली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर आले तेव्हा निवडुंग आणि साप सोडून तिथे काही नव्हतं. त्यांच्याबरोबर कोण होतं ते पाहा. शंभोराव जांभेकर, बिघडलेलं काहीही दुरुस्त करणारे. मंगेशराव रेगे हिशेबाला. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेला मुलगा, पुढे तिथला इंजिनिअर झाला. आणि रात्रीच्या राखणीला त्यांनी तुरुंगातून शिक्षा भोगून आलेली दोन माणसं ठेवली. त्या माळावर राहायची तयारी आणि हाताने करून बघायची खोड, एवढं सोडलं तर या मंडळींत समान काय होतं? माझ्या मते काहीच नाही. आजच्या भाषेत "प्रोफाइल" जुळवायला गेले असते तर नांगर निघाला नसता.

तुमच्यासाठी एक व्यवहारी गोष्ट. शिकाऊ उमेदवार घ्या. १९६१ चा कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर घ्यावेच लागतात, पण ४ ते २९ वाल्यांनाही घेता येतात, हे निम्म्या छोट्या मालकांना ठाऊक नसतं. आयटीआयचं पोरगं वर्षभर तुमच्या डोळ्यांसमोर राहतं. तुम्ही त्याला ओळखता, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते तुम्हाला ओळखतं.

---

कानस | गुरुवार, रात्री ९:१५

काका, पहिल्या प्रश्नाने पकडलंत. नाही सांगितलं. इथे लिहिताना पहिल्या पोस्टमध्ये मी तुम्हा अनोळखी लोकांना जेवढं नीट समजावलं, तेवढं त्याला एकदाही समजावलं नाही. मी विचारलं काय होतं? कंट्रोल कुठला चालवलाय, पगार किती हवा, राहतोस कुठे. वीसेक मिनिटांत घेतला. समजून घेईल असं गृहीत धरलं. बाकीचे समजलेच होते ना, त्यांना कोणी सांगितलं होतं.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. जानेवारीच्या भानगडीनंतर ट्रे जवळजवळ रिकामेच आहेत. त्या दणक्यानंतर सगळे लक्ष देऊन काम करतायत. तेवढं तरी बरं झालं.

---

जुनं_घड्याळ | गुरुवार, रात्री ९:२२

असं म्हणता? बघा बरं.

---

मावळतीचा | शुक्रवार, सकाळी ८:५०

चाकणवाल्या मित्राशी सहमत. डबेवाले बघा. १८९० पासून, महादू हावजी बच्चेंपासून मुंबईत काम चालू आहे. माणसं कुठली? मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, तिकडचीच. गावातला माणूस गावातल्याला आणतो. शिकलेले कमी, तरी डबा चुकत नाही. का? एक बोली, एक देव, एक वारी. चुकला तर गावात तोंड दाखवायचंय. याला कल्चर म्हणतात. बाहेरच्याला काय, आज इथे उद्या तिथे.

---

आडनाव_कशाला | शुक्रवार, सकाळी ११:३५

मला वाटलंच होतं गाडी इथे येणार.

मावळतीचा, डबेवाल्यांच्यातला एक भाग तुम्ही गाळलात. तिथे कोणी मालकाचा नोकर नाही. नवा माणूस आधी उमेदवारी करतो आणि मग स्वतःचे पैसे घालून धंद्यात भागीदार होतो. डबा चुकला तर स्वतःचं गिऱ्हाईक जातं. कानस यांच्या सेटरला त्या ३०० बुशमध्ये काय मिळणार होतं? गाव एक असल्याने ते बदललं नसतं.

आता माझी गोष्ट. डिप्लोमा मेकॅनिकल, ७४ टक्के. पहिली नोकरी शोधत होतो तेव्हा एका छोट्या युनिटच्या मालकांनी माझं काम बघितलं, खूश झाले, चहा मागवला. मग "गाव कुठलं?" सांगितलं. "म्हणजे मूळ गाव?" सांगितलं. "गावात कुठे राहता?" हा प्रश्न कशासाठी असतो ते इथल्या निम्म्या लोकांना कळेल आणि निम्म्यांना आयुष्यभर कळणार नाही. चहा प्यायला. नंतर निरोप आला की मुलगा चांगला आहे, पण आमचं वातावरण घरगुती आहे.

घरगुती!

हा फक्त माझा अनुभव म्हणून सोडून द्याल, म्हणून सांगतो. सुखदेव थोरात (आपल्या अमरावतीकडचे, यूजीसीचे अध्यक्ष होते) आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास छापला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच लायकीचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं यायची संधी १ धरली तर दलित नावाला ती ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघाली. ते तर बड्या शहरांतले सुटाबुटातले लोक होते. छोट्या युनिटला अर्जही नसतो, थेट चहा असतो.

कानस, तुम्हाला लाल ट्रे पाळणारा माणूस हवाय. तेवढंच म्हणा. "आमच्यात मिसळणारा" म्हणू नका. ट्रे मोजता येतो. मिसळण्याच्या पोत्यात काहीही भरता येतं.

---

तवा_तापलाय | शुक्रवार, दुपारी १:१०

वर मीच "आमच्यात बसणार नाही" लिहिलंय. तुमचा प्रतिसाद वाचून परत वाचलं ते. काही म्हणत नाही.

---

मावळतीचा | शुक्रवार, दुपारी १:४०

मी जातीबद्दल बोललोच नव्हतो. उगाच वळण देऊ नका.

---

आडनाव_कशाला | शुक्रवार, दुपारी १:५२

तुम्ही बोलला नाहीत. त्या मालकांनीही जातीचं नाव काढलं नव्हतं.

---

पाऊणएक | शुक्रवार, दुपारी २:०५

कोणी तरी विषयावर या, मालकीणबाई (धाग्याची हो) कुलूप घेऊन येतील.

---

पगारी_माणूस | शुक्रवार, रात्री १०:४०

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. इथे सगळे मालक दिसतायत.

पुण्यात एका छोट्या ऑफिसात सहा वर्षं हिशेबाला होतो. नऊ माणसं. घेताना साहेब म्हणाले, "आपल्याकडे बॉस वगैरे नाही, आपण एक कुटुंब." मलाही बरं वाटलं. मग हळूहळू कळलं की कुटुंबात ओव्हरटाइम मागत नाहीत. कुटुंबात पगारवाढीचा विषय काढला की "तुला पैशाचंच पडलंय का?" असं तोंड होतं. मार्चएंडला रात्री अकरापर्यंत बसणं म्हणजे आपलेपणा. आणि माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा मात्र दोन दिवसांच्या रजेला लेखी अर्ज मागितला. तेव्हा कुटुंब कुठे गेलं होतं कोण जाणे.

तरी आठवणी सगळ्याच वाईट नाहीत. दुपारचे डबे एकत्र उघडायचो, कोणाकडे कधी काय भाजी येते हे आजही पाठ आहे. माणसं चांगलीच होती. पण सोडली नोकरी. जिथे गेलो तिथे कोणी कोणाचं काही लागत नाही. साडेसहाला दिवे मालवतात. पगार एक तारखेला. मला तिथली "संस्कृती" जास्त मानवली.

म्हणून म्हणतो, माणूस जुळतो का हे बघताना मालकाने स्वतःचा पण बायोडेटा टेबलावर ठेवावा. पगार किती तारखेला होतो, रजा कशी मिळते, शेवटचा माणूस का सोडून गेला. उमेदवाराला हे विचारायची हिंमत नसते. तुम्हीच सांगा.

जाता जाता: पिसामागे सरसकट पैसे कापणं कायद्याला धरून नाही. १९३६ च्या वेतन कायद्यापासून दंडाला मर्यादा आहे, आता ती पगाराच्या ३ टक्के. नुकसानभरपाई म्हणून कापायचं तर आधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पाळतं कोण, ते सोडा.

---

श्टुटगार्टचा_बाळू | शनिवार, पहाटे २:१५

पगारी, "कुटुंबात ओव्हरटाइम मागत नाहीत" याला +१००.

मी जर्मनीत एका छोट्या टूलवाल्याकडे आहे. इथे ४० माणसं म्हणजे छोटं. जुनं_घड्याळ काका म्हणतात ते इथे रोजचं आहे. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं आउसबिल्डुंगला (म्हणजे शिकाऊ उमेदवारीला) येतं. टर्निंग-मिलिंगच्या ट्रेडला साडेतीन वर्षं. आठवड्यातले काही दिवस शाळा, बाकी शॉपफ्लोअर. शेवटी कामावर घ्यायचं की नाही ठरतं तोवर त्याला कॉफीत साखर किती लागते इथपर्यंत सगळं माहीत झालेलं असतं. बाहेरून घेतलेल्याला सहा महिन्यांपर्यंतचा चाचणीकाळ, त्यात दोघांपैकी कोणीही दोन आठवड्यांच्या नोटिशीवर मोकळा.

पण सगळं गोड नाही. मी आलो तेव्हा पहिले चार महिने जेवणाच्या टेबलावर कोणी बोलायचं नाही. मला वाटायचं, मी यांच्यात बसत नाही. मग एक दिवस माझ्याकडून एक महाग कटर मोडला, मी मास्टरला जाऊन सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवसापासून टेबलावर माझ्यासाठी खुर्ची ओढलेली असायची. का ते आजतागायत कोणी सांगितलं नाही. इथे सांगायची पद्धत नाही.

---

चौकट_मोडू | शनिवार, सकाळी ९:३०

कानस, तुमचा प्रश्न बाळूने आयता दिला. "शेवटचा पीस कधी बिघडवलास, आणि मग काय केलंस?"

---

कानस | तीन आठवड्यांनी, बुधवार, रात्री ११:२०

धागा वर काढतोय. बरंच झालंय, लिहायला वेळ नव्हता.

तीन पोरं बोलावली. तवाताईंचं ऐकून प्रत्येकाला अर्धा दिवस मशीनवर, त्याचे पैसे दिले. पगारींचं ऐकून आधी स्वतःचं सांगितलं. पगार सात तारखेला होतो, एकला नाही. गुरुवार सुट्टी, महिन्यात एखाद्या गुरुवारी बोलावतो, त्याचे दुप्पट देतो. आधीचा सेटर का गेला तेही सांगितलं. लाल ट्रे दाखवला. आणि आडनाव_कशाला, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर ठरवलं की गाव विचारायचं नाही. खरं सांगतो, जिभेवर तीनदा आलं. पहिल्यांदाच कळलं की हा प्रश्न मी किती सवयीने विचारतो.

मुलाखतीला माझ्याशेजारी आमचे मामा बसवले. बाबांच्या वेळेपासूनचे, बावीस वर्षं झाली. प्रश्न तोच: शेवटचा पीस कधी बिघडवलास?

पहिला म्हणाला, "माझ्या हातून बिघडत नाही." मामा उठून चहा सांगायला गेले आणि परत आलेच नाहीत.

दुसऱ्याने छान सांगितलं, जरा जास्तच छान. पाठ केल्यासारखं. शिवाय त्याला अठ्ठावीस हजार हवे होते, तो विषय तिथेच मिटला.

तिसरा उत्तर प्रदेशातल्या देवरियाचा, लांडेवाडीत कॉट बेसिसवर राहतो. (गाव मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं.) आधी गप्प. मग म्हणाला, मागच्या ठिकाणी टरेट (हत्यारं धरणारा भाग) चकवर (पीस पकडणाऱ्या भागावर) आदळवला होता. "फिर क्या किया?" मामांनी विचारलं. "पहले तो बाथरूम में जाके बैठ गया," म्हणाला. "दस मिनट. फिर बता दिया." मामा हसले. मी मामांना हसताना वर्षातून दोनदा बघतो, त्यातलं एक खंडेनवमीच्या पूजेला.

तोच घेतला. चाकणवाल्याने फोनवर ऐकवलं, परत बाहेरचाच घेतलास म्हणून. ऐकून घेतलं. सेटिंगला आधीच्याच्या निम्माही नाही तो, पहिल्या पिसाला तास लावतो. तो भुर्दंड आहेच, नाही कशाला म्हणू.

आता काकांचा दुसरा प्रश्न.

आठव्या दिवशी संध्याकाळी चहाला त्याच्या मशीनच्या ट्रेत एक पीस. वर मार्करने हिंदीत नाव आणि "ड्रिल टूटा, मैंने फीड ज़्यादा दिया". मी वाचून दाखवला, ठीक आहे म्हटलं. बाकी सगळे ट्रे रिकामे. कोणी काही बोलेना. पोरगं बिचारं इकडेतिकडे बघतंय, आपलं काही चुकलं की काय म्हणून.

सगळे गेल्यावर मामा थांबले. म्हणाले, "त्याला कोणी सांगितलं नाही वाटतं, ट्रे बंद झालाय म्हणून."

मी म्हटलं, बंद कुठे झालाय?

म्हणाले, "जानेवारीत लॉट परत आला तेव्हा तू फोनवर गिऱ्हाइकाशी बोललास आणि मग सगळ्यांसमोर उभा राहून काय काय बोललास, ते आठवतंय का? बाबा असं कधी बोलले नाहीत. त्या दिवसापासून कोणी टाकत नाही. मीपण नाही." मग त्यांनी आपल्या डब्याच्या पिशवीतून दोन पीस काढून टेबलावर ठेवले. पुसलेले, कागदात गुंडाळलेले. भंगारात टाकवले नाहीत म्हणाले, आणि ट्रेतही टाकवले नाहीत.

म्हणजे मी इथे तुम्हाला "ट्रे रिकामे, तेवढं बरं झालं" लिहीत होतो, तेव्हा पीस मामांच्या पिशवीतून घरी जात होते.

मी काय बोलणार. मार्कर दिला त्यांच्या हातात.

---

जुनं_घड्याळ | बुधवार, रात्री ११:४१

रिकामा ट्रे म्हटल्यावर मला शंका आलीच होती. चौदा माणसं, पाच मशीन आणि महिनोन्महिने एक पीस बिघडत नाही, असं शॉप मी अजून पाहिलेलं नाही.

मामांना माझा नमस्कार सांगा.

---

आडनाव_कशाला | गुरुवार, सकाळी १०:०५

तीनदा जिभेवर आलं हे लिहिलंत, त्याबद्दल आभार.

---

तवा_तापलाय | गुरुवार, दुपारी २:३५

सगळं वाचलं, आमच्या मावशींनाही वाचून दाखवलं. त्या विचारतायत, ते ड्रिल मोडलं तेव्हा पोराला ओरडलात की नाही?

---

कानस | गुरुवार, दुपारी ३:१०

ताई, ड्रिल चारशे ऐंशी रुपयांचं होतं. थोडंसं.